ट्रस्टीकडे हिशेब मागायचा कुणी?

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी आमच्या जुन्या वसतिगृहाची वार्षिक सभा होती. इंदूरच्या जुन्या वस्तीत, राजवाड्यापासून पायी पंधरा मिनिटांवर असलेली ही दुमजली इमारत आमच्या आजोबांच्या पिढीनं वर्गणी काढून बांधली. खरगोन, धार, देवास, बऱ्हाणपूरकडून शिकायला येणाऱ्या मराठी मुलांना स्वस्तात राहता यावं एवढाच तिचा हेतू, आणि ट्रस्टच्या दस्तात तो तसाच लिहिलेला आहे. मीही तिथं चार वर्षं काढली. वर मुलांच्या खोल्या, खाली रस्त्याला लागून पाच दुकानं. दुकानांच्या भाड्यातून मुलांचा खर्च निघावा, अशी बांधणाऱ्यांची योजना. सभेत मी उठून इतकंच विचारलं की यातल्या तीन दुकानांचं भाडं शेजारच्या इमारतीतल्या भाड्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही का नाही, आणि ती दुकानं चालवतं कोण. खोलीत कुणी बोलेना. नंतर चहाच्या वेळी माझ्या वडिलांच्या वयाच्या एका काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "अरे, ती मंडळी फुकट राबतात. चारचौघांत हिशेब मागून तोंड कशाला वाईट करून घेतोस?"

काका भले गृहस्थ आहेत. पण त्यांच्या या एका वाक्यात आपल्या समाजातल्या शेकडो धर्मशाळा, वसतिगृहं, देवळं आणि शिष्यवृत्ती निधी बुडण्याचं कारण आहे. हिशेब मागणं म्हणजे संशय घेणं, असं आपण धरून चाललो आहोत. कायदा नेमका उलट बाजूनं सुरू होतो. तो म्हणतो, हिशेब तयार ठेवणं हे विश्वस्ताचं काम आहे आणि तो मागणं हा लाभार्थ्याचा हक्क आहे. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही.

ट्रस्टी, विश्वस्त, न्यासी. इंदुरात हे तिन्ही शब्द चालतात, सरकारी कागदावर तिसरा. अर्थ एकच: मालमत्ता त्याच्या हाती, उपभोग दुसऱ्याचा. १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम खाजगी ट्रस्टसाठी आहे, सार्वजनिक आणि धर्मादाय ट्रस्ट त्यातून वगळलेले आहेत. तरीही विश्वस्तानं कसं वागावं याची त्यातली मूळ तत्त्वं न्यायालयं सार्वजनिक ट्रस्टलाही लावतात. ही तत्त्वं वाचताना मला नेहमी वाटतं की कुणा कडक पण न्यायी आजीनं ती सांगितली असावीत. शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जशी काळजी घेईल तशी घ्या. चोख हिशेब ठेवा. अनेक लाभार्थी असतील तर एकाला झुकतं माप देऊ नका. ट्रस्टच्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा काढू नका. विकायचं काम तुमच्याकडे असेल तर ती वस्तू स्वतः विकत घेऊ नका, दुसऱ्याच्या नावावरसुद्धा नाही.

हा शेवटचा नियम किती कडक आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. विश्वस्तानं स्वतःच घेतलेली जागा वाजवी भावानं घेतली होती, हा बचाव चालत नाही. भाव काय होता हा प्रश्नच नाही. विकणारा आणि घेणारा एकच माणूस होता, एवढं पुरेसं आहे. लाभार्थी न्यायालयाकडून ती जागा ट्रस्टचीच आहे असं जाहीर करून घेऊ शकतो किंवा परत मिळवू शकतो.

त्याहून मोठा हक्क आहे तो मालमत्तेचा माग काढण्याचा. ट्रस्टच्या पैशातून विश्वस्तानं प्लॉट घेतला, तर लाभार्थी त्या प्लॉटवर हक्क सांगू शकतो. ट्रस्टचे पैसे त्यानं आपल्या पैशांत मिसळले, तर लाभार्थ्याच्या रकमेचा बोजा त्या सगळ्या रकमेवर बसतो. वस्तूनं रूप बदललं म्हणून ती ट्रस्टची राहिली नाही, असं होत नाही. वाट अडते ती एकाच ठिकाणी: ज्या तिऱ्हाइतानं पूर्ण किंमत मोजून, आत काही काळंबेरं आहे याची कल्पना नसताना खरेदी केली, त्याला कायदा संरक्षण देतो. त्याच्याकडून वस्तू मिळाली नाही तर विश्वस्ताच्या खिशातून भरपाई. आणि ही भरपाई ठरवताना "तिकडे तोटा झाला खरा, पण इकडे मी ट्रस्टला फायदा करून दिला" असली वजाबाकी वेगवेगळ्या व्यवहारांत करता येत नाही.

इतर विश्वस्तांचं काय? बैठकीला यायचं, पुढे केलेल्या कागदावर सही करायची आणि घरी जायचं, असे विश्वस्त प्रत्येक मंडळात असतात. सहविश्वस्ताच्या प्रत्येक चुकीची शिक्षा त्यांना होत नाही, हे खरं. पण पैसे दुसऱ्याच्या हाती सोपवून पुढे त्यांचं काय झालं हे विचारलंच नाही, किंवा गैरव्यवहार कळूनही योग्य वेळात काही केलं नाही, तर जबाबदारी त्यांच्यावरही येते. आमच्या मंडळातल्या एका निवृत्त शिक्षकांना मी हे सांगितलं तेव्हा ते मनापासून हादरले. त्यांनी एक पैसा खाल्लेला नव्हता, आणि तेवढं पुरेसं आहे असं ते वीस वर्षं समजत होते.

म्हणजे उपाय आहेत, आणि चांगले आहेत. मग अडतं कुठे?

इंदूरकरांना हे समजून घ्यायला लांब जायला नको. होळकरांच्या खासगीचा, म्हणजे राणीच्या स्वतःच्या जहागिरीचा, इतिहास आपल्या दारातला आहे. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना पेशव्यांकडून मिळालेली खासगी पुढे त्यांच्या सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली, आणि त्या उत्पन्नावर तुळशीपत्र ठेवून त्यांनी ते धर्मकार्याला दिलं, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळं, धर्मशाळा त्यातून उभ्या राहिल्या. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं तेव्हा खासगीच्या उत्पन्नाच्या बदल्यात राज्यानं या देवस्थानांसाठी दरवर्षी २,९१,९५२ रुपये द्यायचे ठरलं. २७ जून १९६२ रोजी खासगी ट्रस्टचा दस्त झाला. विश्वस्तांमध्ये राज्य सरकारनं नेमलेले प्रतिनिधीही होते.

पुढे ट्रस्टच्या काही मालमत्ता विकल्या गेल्या. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या व्यवहारावरून बरीच ओरड झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेलं. ५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात खंडपीठानं म्हटलं की या मालमत्ता राज्य सरकारच्याच आहेत. विक्रीची चौकशी आर्थिक गुन्हे शाखेनं करावी असाही आदेश दिला. त्या वेळी शहरातल्या अनेकांना बरं वाटलं. मलाही वाटलं. पण २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही गोष्टी बाजूला सारल्या. मालमत्ता सरकारची नाही, ट्रस्टची आहे. आणि ट्रस्टची आहे म्हणूनच विश्वस्तांना ती स्वतःची समजून हाताळता येणार नाही. या ट्रस्टला १९५१ चा मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम लागू आहे; त्यानं महिन्याभरात नोंदणीसाठी अर्ज करावा, आणि पूर्वमंजुरीशिवाय कोणते व्यवहार झाले ते पंजीयकांनी, म्हणजे ट्रस्टची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी, तपासावं, असा आदेश झाला.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानं दोन मालकांना एकाच वेळी नाकारलं. विश्वस्त मालक नव्हे, सरकारही नव्हे. ट्रस्ट बिघडला की "सरकारनं ताब्यात घ्यावा" अशी मागणी आपल्याकडे लगेच होते. ती समजण्यासारखी आहे, पण चुकीची आहे. ज्या आजोबांनी वर्गणी दिली त्यांनी ती सरकारला दिली नव्हती. सरकारी माणूस मंडळात असला म्हणजे मालमत्ता राखली जाते, असंही नाही. होळकरांच्या या खासगी ट्रस्टच्या मंडळात तर सरकारचे प्रतिनिधी बसलेलेच होते. आणि १९६२ च्या ट्रस्टला नोंदणी करायला सांगावं लागलं ते २०२२ मध्ये. मधली ६० वर्षं लाभार्थी कुठे होते? देशभरच्या घाटांवर स्नान करणारे, धर्मशाळांत उतरणारे यात्रेकरू, हे लाभार्थी. त्यांना आपण लाभार्थी आहोत याचीच जाणीव नव्हती.

आता मध्य प्रदेशचा हा १९५१ चा कायदा काय देतो ते पाहू. जिल्ह्याचा कलेक्टर हाच सार्वजनिक न्यासांचा पंजीयक; प्रत्यक्षात काम बहुतेक वेळा एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे असतं. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकणं, गहाण टाकणं, बदलून देणं, बक्षीस देणं, यातलं काहीही पंजीयकाच्या पूर्वमंजुरीशिवाय वैध नाही. शेतजमीन सात वर्षांपेक्षा अधिक आणि इमारत किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीनं भाड्यानं द्यायची, तरी मंजुरी हवी. ट्रस्टचा कारभार नीट चालत नाही असं हितसंबंधी व्यक्तीच्या अर्जावरून किंवा आपणहून पंजीयकाला दिसलं, तर तो विश्वस्तांना न्यायालयाकडून निर्देश घ्यायला सांगू शकतो, आणि ते गेले नाहीत तर स्वतः न्यायालयात जातो. न्यायालय विश्वस्त काढू शकतं, नवे नेमू शकतं, कारभाराची योजना आखून देऊ शकतं.

कागदावर यात फारशी उणीव नाही. आमच्या दुकानांचं काय झालं ते सांगतो. मंजुरी लागते तीन वर्षांच्या वर, म्हणून आमच्याकडे करार ११ महिन्यांचे. ते संपले की पुन्हा ११ महिन्यांचे. असे करत करत त्याच माणसाकडे, जवळपास त्याच भाड्यात, दुकान वीस-बावीस वर्षं. यातली दोन दुकानं एका विश्वस्ताच्या सासरच्या माणसांकडे निघाली. कायद्याचं अक्षर कुठेही मोडलेलं दिसत नाही, आणि मुलांच्या खर्चाचा झरा आटलेला. माझ्या मते असा साखळीनं वाढवलेला करार एकच धरून त्याला मंजुरी लागते, असं कायद्यात स्पष्ट लिहायला हवं. जागा भाड्यानं देताना जाहीर सूचना आणि बंद लिफाफ्यात देकार, एवढी साधी अटही घालता येईल. धर्मादाय मालमत्ता खाजगी बोलणीतून न देता जाहीर लिलावानं विकावी, हे सर्वोच्च न्यायालय १९८६ पासून सांगत आलं आहे. तीच शिस्त भाड्याला का नको?

आम्ही पाच माजी विद्यार्थ्यांनी आधी मंडळाला पत्र दिलं: दस्ताची प्रत, दहा वर्षांचे तपासलेले हिशेब आणि भाडेकरार दाखवा. चार महिने उत्तर नाही. मग मोती तबेल्याला कलेक्टर कचेरीत जाऊन ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा काढला. त्यात इमारत होती, पण मागच्या बाजूचं मोकळं आवार नव्हतं. मुलं तिथं क्रिकेट खेळायची, आम्हीही खेळलो. नोंदीत नसलेली जमीन कुणी विकायला काढली तर मंजुरी मागायची गरजच त्याला वाटणार नाही. वाचकांपैकी कुणाचा कुठल्या ट्रस्टशी संबंध असेल, तर माझी पहिली विनंती ही: उतारा काढा आणि प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहा.

मग पंजीयकाकडे अर्ज दिला. पहिली तारीख अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या आठवड्यात पडली; साहेब मिरवणुकीच्या बंदोबस्तात. दुसरी निवडणुकीच्या कामात गेली. तिसऱ्या वेळी अधिकारीच बदलले होते आणि फाईल पहिल्या पानापासून सुरू झाली. मी त्या अधिकाऱ्यांना दोष देत नाही. सीमांकन, अतिक्रमण, कायदा आणि सुव्यवस्था, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, हे सगळं ज्याच्या अंगावर आहे त्यानं एका वसतिगृहाचे दहा वर्षांचे भाडेकरार कधी वाचायचे?

बडोद्याला माझी मावसबहीण एका मराठी संस्थेचं काम बघते. तिच्या बोलण्यात धर्मादाय कचेरी पोस्ट ऑफिससारखी येते. मुंबई राज्याचा १९५० चा कायदा आज गुजरातेत आणि महाराष्ट्रात त्या त्या राज्याच्या नावानं चालतो, आणि त्यात या कामासाठी स्वतंत्र धर्मादाय आयुक्त आहे. विश्वस्त बदलले की बदल अर्ज, दरवर्षी तपासलेले हिशेब, गैरकारभारासाठी विश्वस्ताला निलंबित किंवा बडतर्फ करण्याचा अधिकार, नुकसानीची चौकशी करून ती रक्कम विश्वस्ताकडून वसूल करण्याची तरतूद. तिथेही फायली साचतात, तिथेही लोक खेटे घालून कंटाळतात. तरी एक फरक मोठा आहे: ट्रस्ट पाहणं हेच त्या कचेरीचं काम आहे. आपल्या राज्यात ते पंधरावं काम आहे. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर या जुन्या संस्थानी शहरांत धर्मादाय मालमत्ता मुबलक आहे. निदान इथं तरी पूर्णवेळ पंजीयक नेमणं राज्याला जड नाही. आणि नोंदवहीचे उतारे, वर्षाचे हिशेब घरबसल्या पाहता यायला हवेत. जमिनीचा खसरा मोबाईलवर दिसतो, मग धर्मशाळेचा हिशेब का दिसू नये?

पंजीयकाखेरीज दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९२ आहे. ट्रस्टमध्ये खरा हितसंबंध असलेले दोन किंवा अधिक लोक न्यायालयाची परवानगी घेऊन दावा लावू शकतात. हा दावा स्वतःच्या भांडणासाठी नसतो, सगळ्या लाभार्थ्यांच्या वतीनं असतो. कोणत्या प्रकरणात आधी पंजीयकाकडे जायचं आणि कोणत्यात थेट दावा लावायचा, हे चांगल्या दिवाणी वकिलाला विचारूनच ठरवावं. चुकीच्या दारात दोन वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

लोक मात्र आधी पोलीस ठाण्यात जातात. विश्वासघाताचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. उघड अफरातफर असेल तर तक्रार जरूर करावी. पण तिथं अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो. स्वस्तात दिलेलं दुकान, वेळेवर न गुंतवलेला पैसा, न वाचता केलेली सही, हे सगळं विश्वस्ताच्या कर्तव्याचा भंग आहे, पण बहुतेकदा गुन्हा नाही. गुन्हा शाबीत झाला नाही की तोच माणूस सभेत निर्दोष म्हणून मिरवतो. आणि झाला, तरी तुरुंगात गेलेला विश्वस्त मुलांचं भाडं भरत नाही. आधी मनाई हुकूम, मग हिशेब, मग मालमत्ता परत किंवा भरपाई, आणि शिक्षा त्यानंतर. हा क्रम रागाच्या भरात उलटा होतो म्हणून सांगतो.

वेळेबद्दल एक दिलासा आणि एक इशारा. मुदत कायद्याच्या कलम १० नुसार विश्वस्ताच्या हातातली ट्रस्टची मालमत्ता किंवा तिचा हिशेब मागायला मुदतीचं बंधन नाही. पन्नास वर्षांनीही मागता येतो. पण किंमत मोजून घेणाऱ्याकडे जागा गेली, की व्यवहार कळल्यापासून १२ वर्षं एवढीच खिडकी उरते. "कळल्यापासून" या शब्दावर सगळं अवलंबून असतं. सभेत कुजबुज ऐकून गप्प बसलेला माणूस उद्या मला माहीतच नव्हतं असं कुठल्या तोंडानं सांगणार?

काकांचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं आज दुर्मिळ आहेत. त्यांना कचेरीत उभं केलं तर उद्या ट्रस्टी व्हायला कोण येईल? पण कायद्यानं प्रामाणिक विश्वस्ताला उघड्यावर सोडलेलं नाही. शहाण्या माणसाइतकी काळजी घेऊनही तोटा झाला तर तो त्याच्या खिशातून जात नाही. ट्रस्टसाठी केलेला रास्त खर्च त्याला परत मिळतो. काय करावं कळत नसेल तर न्यायालयाचा सल्ला मागण्याची सोय आहे. चोख हिशेब हीच त्याची ढाल आहे. आमच्या त्या निवृत्त शिक्षकांना हे पटलं. त्यांनी स्वतः मंडळाला पत्र लिहून भाडेकरारांवर आपला विरोध नोंदवला. हिशेब मागितल्यामुळे एक चांगला माणूस गेला नाही, जागा झाला.

राहता राहिली एक अडचण, जिचं उत्तर कायद्यात नाही. वसतिगृहाचा लाभार्थी तीन-चार वर्षं राहतो आणि निघून जातो. त्याला मंडळाशी भांडायला ना वेळ असतो ना हिंमत; खोली जाईल ही भीती वेगळीच. गेल्या जुलैत "उत्पन्न कमी पडतं" म्हणून मुलांची फी वाढली तेव्हा कुणीही खालच्या दुकानांकडे बोट दाखवलं नाही. आम्ही त्यांच्या खोलीत बसून दस्त मोठ्यानं वाचून दाखवला. "ही इमारत आमच्यासाठी आहे?" असं एकानं दोनदा विचारलं.

अर्जावर आता दोन राहत्या मुलांच्याही सह्या आहेत. त्यातला एक शेवटच्या वर्षाला आहे. पुढची तारीख एप्रिलमध्ये आहे, त्याची परीक्षा मेमध्ये संपते, आणि मग तो खरगोनला परत जाईल.